हेमी कूडा : सीटखालच्या कागदाचा इतिहास

२०१४ सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात जुन्या मोटारींचा एक मोठा लिलाव झाला. त्यात एक निळी, कापडी टपाची, दोन दारांची प्लिमथ गाडी ३५ लाख डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने हे एकवीस कोटी रुपयांच्या आसपास होतात. गाडी १९७१ ची होती. ती नवी असताना सगळे जादा सामान धरूनही तिची किंमत पाच हजार डॉलरच्या आसपासच असणार, आणि तेव्हा ती घ्यायला जवळजवळ कोणी पुढे आले नव्हते. ‘हेमी’ इंजिनाच्या आणि उघडता येणाऱ्या टपाच्या ‘कूडा’ गाड्या त्या वर्षी बनल्या अवघ्या ११. त्यांतल्या सात अमेरिकेत विकल्या गेल्या आणि त्या सातांपैकी हाताने गिअर टाकायच्या फक्त दोन. सिअ‍ॅटलची गाडी त्या दोनांतली एक.

अशा गाडीच्या विक्रीची जाहिरात वाचणे हा वेगळाच अनुभव असतो. जुनी गाडी विकताना आपल्याकडे माणूस सांगतो, की इंजिन ठणठणीत आहे, टायर नवे आहेत, एकहाती वापर आहे. इथे तसे काही नसते. गाडी किती पळते हे शेवटी येते, कधी येतही नाही. पहिला मान कागदपत्रांचा. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो. गिअरबॉक्सवरचा जुळतो. मडगार्डच्या आत स्क्रूने बसवलेली पत्र्याची सांकेतिक पट्टी मूळची आहे. आणि कारखान्यात गाडी तयार होताना तिच्याबरोबर फिरणारा जोडणीचा कागद, ज्याला तिकडे ‘ब्रॉडकास्ट शीट’ म्हणतात, तोही सापडलेला आहे. हा कागद बहुधा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर अडकलेला मिळतो. कामगारांनी तो जपून ठेवला नव्हता. काम झाल्यावर तो तिथेच राहिला, इतकेच.

क्रमांकातली अक्षरे एखाद्या शिलालेखासारखी वाचता येतात. १९७१ च्या या गाड्यांचा क्रमांक ‘बी-एस-२७-आर-१-बी’ असा सुरू होतो. पहिला ‘बी’ बॅराकुडाचा. ‘एस’ किमतीच्या श्रेणीचा. २७ म्हणजे उघड्या टपाची गाडी. ‘आर’ म्हणजे ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन. १ म्हणजे सन १९७१. आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे मिशिगन राज्यातल्या हॅमट्रॅम्क गावचा कारखाना. खरेदीदार ‘२७’ आणि ‘आर’ बघतो. कोट्यवधी रुपये या दोन खुणांत आहेत. शेवटच्या ‘बी’कडे कोणी फारसे पाहत नाही. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

प्लिमथ हे नाव मुंबईकरांच्या एका पिढीला परके नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची जुळणी सुरू केली. नंतर त्याच कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पण कुर्ल्याची प्लिमथ म्हणजे सालस, कुटुंबवत्सल गाडी. अमेरिकेतही प्लिमथचा लौकिक तोच होता: स्वस्त, टिकाऊ, शाळामास्तरांनी घ्यावी अशी. अशा घरातून कूडासारखे दांडगट कार्टे कसे निघाले, हे समजायला १९६४ सालात जावे लागते.

महायुद्धानंतर जन्मलेली मुले तेव्हा गाडी चालवण्याच्या वयात येत होती. संख्येने प्रचंड, हातात पैसा, पेट्रोल पाण्याच्या भावाचे. जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागात जॉन डिलोरिअन नावाचा तरुण मुख्य अभियंता होता. कंपनीचा नियम असा, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. डिलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवून पाहिले. गाडी सुसाट निघाली. मग त्यांनी पळवाट काढली: नवी गाडी म्हणून मंजुरी मागायचीच नाही; जुन्याच गाडीवर सुमारे तीनशे डॉलरचे ‘जादा सामान’ म्हणून हे इंजिन द्यायचे. नावही फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचलले, ‘जीटीओ’. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. वरिष्ठांना नियम मोडल्याचा राग येण्याआधी हिशेबाचा कागद समोर आला आणि राग गिळला गेला. अंग मध्यम, इंजिन अवाढव्य, किंमत तरुणाच्या आवाक्यात, या पाककृतीला पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले.

त्याच साली १ एप्रिलला प्लिमथने बॅराकुडा आणली. दातेरी, झडप घालणाऱ्या माशाचे नाव. सोळा दिवसांनी फोर्डची मस्टँग आली आणि बॅराकुडा झाकोळून गेली ती कायमची. दुसऱ्या क्रमांकाचे हे शल्य लक्षात ठेवले पाहिजे. पुढचा बराचसा अविचार त्यातून आला.

हेमी इंजिनाची गोष्ट याला समांतर चालते. ‘हेमी’ म्हणजे अर्धगोल. सिलेंडरच्या माथ्यावरचा, जिथे इंधन पेटते तो कप्पा अर्ध्या गोलासारखा घडवला, की हवा-पेट्रोल आत घेणारी झडप एका उतारावर आणि धूर बाहेर सोडणारी समोरच्या उतारावर बसवता येते. झडपा मोठ्या करता येतात, वायू एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने सरळ निघून जातो, इंजिन मोकळा श्वास घेते. तोटा असा, की हे माथे जड, रुंद आणि बनवायला महाग. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत या इंजिनाच्या प्लिमथ गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पहिला होता रिचर्ड पेटी. पुढच्या वर्षी शर्यतीच्या संयोजकांनी आक्षेप घेतला, की बाजारात न मिळणारे इंजिन शर्यतीत चालणार नाही. म्हणून १९६६ मध्ये क्रायस्लरने हेच इंजिन थोडे माणसाळवून रस्त्यावरच्या गाड्यांत विकायला काढले. म्हणजे रस्त्यावरचा हेमी हा गिऱ्हाइकाच्या मागणीतून जन्मलेला नव्हताच. तो एका नियमाची पूर्तता होता. दोन कार्ब्युरेटर, कागदावर ४२५ अश्वशक्ती, सात लिटर. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते. सहा पद्मिनी एकत्र केल्या तरी हा हेमी भरून वर उरतो.

१९७० मध्ये बॅराकुडाचे अंग रुंद केले गेले, ते बॉनेटखाली क्रायस्लरचे कोणतेही इंजिन मावावे म्हणून. तिचा जहाल अवतार तो ‘कूडा’. हेमीवर बॉनेटला भोक पाडून हवेचा डबा थेट इंजिनावर बसवलेला असे. इंजिन सुरू झाले की बॉनेटच्या मधोमध तो थरथरत असे. म्हणून त्याचे नाव ‘शेकर’. रंगही तसेच भडक: लिंबाचा पिवळा, गवती हिरवा, जांभळा, नारिंगी लाल. नावे तर अशी, की रंगांच्या दुकानात मोठ्याने उच्चारायची चोरी.

मग ही गाडी खपली का नाही? ज्याला शर्यत लावायची, त्याला उघडे टप नको असते. छत काढले की सांगाडा ढिला पडतो, तो ताठ ठेवायला खाली जादा पोलाद घालावे लागते, वजन वाढते आणि ट्रॅफिक लाइटपासून पुढच्या लाइटपर्यंतच्या त्या पोरकट शर्यतीत गाडी मागे पडते. आणि ज्याला टप उघडून रविवारी समुद्रावर जायचे, त्याला सुमारे नऊशे डॉलर जादा मोजून गावात सारखे कुरकुरणारे, पेट्रोल ढोसणारे इंजिन कशाला हवे? त्याच पैशांत कितीतरी सुखसोयी येत. शिवाय हेमीवर कंपनीने हमीही आखडती घेतली होती, कारण घेणारा तो कसा दामटणार हे कंपनीला पुरते ठाऊक होते. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांवर, त्यातही पंचविशीच्या आतल्या पोरांवर, जबर अधिभार लावले होते. त्यामुळे १९७० मध्ये हेमी कूडा कन्व्हर्टिबल बनल्या १४, आणि १९७१ मध्ये ११. दुर्मीळ व्हाव्यात म्हणून कोणी त्या कमी बनवल्या नव्हत्या. त्या दोन विसंगत हौशी एकाच वेळी असणाऱ्या पंचवीस विक्षिप्तांसाठी बनल्या. आजच्या जाहिरातीत ‘मर्यादित उत्पादन’ असे लिहिले जाते, तेव्हा ‘न खपलेला माल’ असे वाचावे.

१९७१ नंतर हेमी थांबला, बॅराकुडाची उघडी आवृत्तीही थांबली. धुराचे नियम कडक होत होते. गाडी उलटल्यास छताने भार पेलावा अशा नियमाच्या भीतीने उघड्या गाड्यांवर सगळीकडेच पाणी सोडले जात होते. १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले. शेवटची बॅराकुडा १ एप्रिल १९७४ ला बाहेर पडली. जन्मल्यापासून बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत या गाड्या कोणालाच नको होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या हाती कवडीमोलाने गेल्या. हेमी इंजिने काढून शर्यतीच्या गाड्यांत घातली गेली, फुटली, भंगारात गेली. रिकाम्या सांगाड्यात दुसरे किरकोळ इंजिन बसले. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रे खाल्ले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, जी मुले १९७० मध्ये दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहिली होती ती चाळिशीत आली, पैसेवाली झाली आणि भाव उसळले. २००६ मध्ये ॲरिझोनातल्या लिलावात १९७० ची एक हेमी कूडा कन्व्हर्टिबल वीस लाख डॉलरच्या पुढे गेली. एव्हाना नकलाही आल्या होत्या. ‘नॅश ब्रिजेस’ या दूरचित्रवाणी मालिकेत नायकाची पिवळी १९७१ ची हेमी कूडा फार लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात पडद्यावरच्या गाड्या १९७० च्या साध्या बॅराकुडा होत्या, वेश पालटलेल्या. ११ गाड्या असताना त्यांतली एक रोज चित्रीकरणात कोण आदळू देईल? हे उघड सोंग होते. पण चोरटी सोंगेही निघाली: कुजलेल्या गाडीची क्रमांकपट्टी उचकटून धडधाकट सांगाड्यावर ठोकायची. तिकडे हा गंभीर गुन्हा आहे, तरीही होतो. म्हणूनच सीटखालच्या त्या चुरगळलेल्या कागदाला एवढे मोल.

आता जीर्णोद्धार. आपल्याकडे हा शब्द देवळांच्या संदर्भात येतो आणि बहुतेकदा त्याचा अर्थ काळ्या पाषाणावर ऑइलपेंट आणि सभामंडपात स्नानगृहाच्या फरशा असा होतो, हे दुःखाने म्हणावे लागते. मूळ काय होते, हे विचारणारा तिथे शत्रू ठरतो. मोटारींच्या जगात उलटे टोक गाठले गेले आहे.

गाडी आधी पूर्ण सोडवतात. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायर काढून, नोंदून, पिशवीत भरून. उघड्या टपाच्या गाडीत दारांच्या चौकटींना आधी आडव्या-तिरप्या पट्ट्या मारून आधार द्यावा लागतो. नाहीतर गंजलेला तळ कापताच छताविना सांगाडा मधोमध वाकतो आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. कापडी टपातून झिरपणारे पाणी नेमके दारांखालच्या पोकळ पेट्यांत साठते, आणि गाडीची सगळी ताकद त्याच पेट्यांत असते. म्हणजे जिथे बळ तिथेच गंज. मग सांगाडा दोन टोकांना पकडून एका आडव्या कण्यावर चढवतात. मांस भाजायच्या सळईसारखा तो गोल फिरतो, त्यामुळे पोटाखालचे कामही उभ्याने करता येते. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडतात. शक्य तर त्याच काळात कंपनीने सुटा भाग म्हणून बनवलेला आणि कुठल्याशा गोदामात पडून राहिलेला. काचा, कार्ब्युरेटर, रबरी नळ्या यांवर तारखेचे संकेत असतात. गाडी तयार होण्याच्या थोडे आधीची तारीख असलेलाच भाग हवा. नंतरची तारीख म्हणजे खोटारडेपणा. फार आधीची तारीखही संशयास्पद.

इथवर ठीक आहे. नवल पुढे आहे. १९७१ चे कारखान्यातले काम घाईचे आणि ओबडधोबड होते. तळाला रंग पूर्ण बसलेला नसे; वरचा रंग मारताना त्याचे फवारे खाली वेडेवाकडे उडत. दाराची फट एकीकडे बोटभर, एकीकडे निमुळती. तपासनीस घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका लावत, भिंतीवर खडूने खूण करत. पहिल्या पिढीच्या जीर्णोद्धारकांनी हे सगळे घासून-पुसून आरशासारखे केले. आज परीक्षक त्याचे गुण कापतात. त्याला ‘अति जीर्णोद्धार’ म्हणतात. म्हणून आताचे उत्तम कारागीर गाडी खरवडण्याआधी जुन्या खुणांचे फोटो घेतात, मापे घेतात आणि शेवटी तोच खडूचा फराटा, तोच रंगाचा ओघळ, तोच निष्काळजी फवारा महिनोन्‌महिने सराव करून पुन्हा उमटवतात. ज्या हाताने मूळ फराटा ओढला त्याला त्यासाठी काही सेकंद मिळाले होते.

तो हात कोणाचा? इथे शेवटच्या ‘बी’कडे वळावे लागते.

हॅमट्रॅम्क हे डेट्रॉइटने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले छोटे गाव. डॉज बंधूंनी तिथे १९१० मध्ये कारखाना उभारायला घेतला. १९२८ मध्ये तो क्रायस्लरकडे आला. लोक त्याला ‘डॉज मेन’ म्हणत. बहुमजली, जुनाट, अंधारा. गावात वस्ती पोलंडहून आलेल्यांची. कामावर पोलिश आणि दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. साठीच्या दशकाअखेर मुकादम बहुतेक गोरे, आणि गरमीची, धुराची, पाठ मोडणारी कामे बहुतेक काळ्यांकडे. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटले. ४३ माणसे मेली. मे १९६८ मध्ये डॉज मेनमध्ये कन्व्हेअरचा वेग वाढवल्याविरुद्ध कामगार, संघटनेला न विचारता, बाहेर पडले. काळे होते, गोरेही होते. कारवाईचा बडगा मात्र काळ्यांवर जास्त पडला. त्यातून ‘डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ उभी राहिली. तिचा झगडा जितका कंपनीशी, तितकाच कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनेशीही होता. मुख्य तक्रार एकच: गाड्या अंगावर येतात, हात पुरत नाहीत.

हा संदर्भ मनात ठेवून त्या वेड्यावाकड्या फवाऱ्याकडे पाहिले, की तो निष्काळजीपणा वाटत नाही. कन्व्हेअर चालू असताना, पुढची गाडी येण्याआधी, माणसाला जेवढे जमले तेवढे ते आहे. डॉज मेनमधल्या कोणाचेही नाव त्या जोडणीच्या कागदावर नसते. इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, रंगाचा, सीटच्या कापडाचा संकेत असतो. मला या संग्राहकांच्या काटेकोरपणाचे मनापासून कौतुक आहे. इतिहासकाराने हेवा करावा इतका तो आहे. फक्त एवढे खटकते, की फराट्याच्या लांबी-रुंदीची नोंद वह्याच्या वह्या भरून झाली आणि फराटा ओढणाऱ्याची विचारपूस मात्र झाली नाही.

डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद झाला आणि लवकरच पाडला गेला. जमीन जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यासाठी हवी होती आणि ती पुरेना, म्हणून डेट्रॉइट शहराने शेजारची ‘पोलटाऊन’ ही वस्ती ताब्यात घेतली. चार हजारांहून अधिक माणसे उठवली गेली. घरे, दुकाने, चर्चही गेले. रहिवासी न्यायालयात गेले. १९८१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खासगी कंपनीच्या कारखान्यासाठी जमीन घेणे हेही लोकहिताचे काम आहे. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने हा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तोवर पोलटाऊनमध्ये परत जाण्यासारखे काही उरले नव्हते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याचे नाव आता ‘फॅक्टरी झीरो’ आहे आणि तिथे विजेवर चालणारी हमर बनते.

मे २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात १९७१ ची आणखी एक हेमी कूडा कन्व्हर्टिबल मंचावर आली. बोली चढत ४८ लाख डॉलरपर्यंत गेली आणि तिथे थांबली. मालकाच्या मनातला आकडा त्याहून मोठा होता. गाडी न विकताच मंचावरून खाली उतरली.